त्या पेशी तिथे जाऊन काय करणार?

मागच्या विकांताला माळा आवरायला काढला होता. जुन्या मोडेमचं खोकं, फ्लॉप्या, पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर आणि त्या सगळ्याखाली स्टेपल केलेली पाच पानं सापडली. 'नेचर' या नियतकालिकातला एप्रिल २००१ मधला एक शोधनिबंध. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर छापलेला (तेव्हा कुणी विचारायचं नाही!). शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने, मामाच्या अक्षरात लिहिलंय : "ह्या पेशी तिथे जाऊन नक्की काय करणार? कुणी पाहिलं?"

मामा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर वर्षभरात मोठा हार्ट अटॅक आला. त्यातून वाचला, पण हृदय कायमचं दुबळं झालं. टू-डी एकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्के. म्हणजे डाव्या कप्प्यात जमा झालेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला जेमतेम पाव हिस्सा बाहेर पडतो. धडधाकट माणसात हाच आकडा ५५-६०च्या पुढे असतो. २००३ची दिवाळी. मी नुकताच नोकरीला लागलेला, जालावर काहीही सापडतं अशी खात्री असलेला. ही पाच पानं घेऊन मोठ्या ऐटीत मामाकडे गेलो आणि सांगितलं, "मामा, हृदय दुरुस्त होतं. स्वतःच्याच हाडातल्या पेशी काढायच्या आणि हृदयात टोचायच्या." त्यानं चष्मा लावून डिक्शनरी घेऊन दोन दिवस ते वाचलं आणि वरचा प्रश्न लिहून कागद मला परत दिला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं की तेव्हा ते जगात कुणाकडेच नव्हतं. ते मिळायला पुढे बरीच वर्षं, शेकडो रुग्ण आणि एक भलंमोठं प्रकरण खर्ची पडलं. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मोठा हार्ट अटॅक आला की डाव्या कप्प्यातल्या सुमारे शंभर कोटी स्नायूपेशी मरू शकतात. कातडीला खरचटलं तर नवी कातडी येते, यकृताचा तुकडा कापला तरी ते वाढतं. हृदयाचं तसं नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट, पांढरट व्रण तयार होतो. तो फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही. उरलेल्या स्नायूवर जास्तीचा भार येतो, कप्पा हळूहळू फुगत जातो आणि पंप आणखी दमतो. औषधं हा घसरता रस्ता लांबवतात आणि ती खरोखर आयुष्य वाढवतात. पण गेलेला स्नायू परत आणत नाहीत.

मग करायचं काय? एक उपाय म्हणजे अख्खं हृदयच बदलायचं. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ते केलं. रुग्ण १८ दिवस जगला. आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासांतच दगावला, पण मुंबईत, त्या काळात, हे धाडस झालं होतं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

याच सेनांचा आणखी एक उद्योग या गोष्टीशी जास्त जवळचा. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातूनच झिरपून मिळतं. मग माणसाच्या हृदयालाही तशी छिद्रं पाडली तर? १९६५ साली सेन आणि त्यांच्या केईएममधल्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला सुईने भोकं पाडण्याचं तंत्र प्रसिद्ध केलं. नाव दिलं हृदयाचं 'अॅक्युपंक्चर'. सुईची जागा पुढे लेझरने घेतली. रुग्णांना बरं वाटायचं, पण का बरं वाटायचं यावर वाद होत राहिला. ती छिद्रं तर बुजून जायची. हे लक्षात ठेवा, शेवटाकडे उपयोगी पडेल.

पेशी टोचण्याची कल्पना आली ती १९९०च्या दशकात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन फील्ड यांच्या गटाने १९९४ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या हृदयपेशी मोठ्या उंदराच्या हृदयात लावून दाखवल्या. त्या तिथे रुजल्या आणि शेजारच्या पेशींशी जोडल्याही गेल्या. पण माणसासाठी असा 'माल' आणायचा कुठून? तेव्हा कुणीतरी मांडीकडे पाहिलं. जिममध्ये दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं आणि आठवड्याने स्नायू भरतो, ते आपल्या स्नायूंत झोपलेल्या राखीव पेशींमुळे. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या कोवळ्या पेशींना मायोब्लास्ट म्हणतात. १९९८ साली ड्यूक विद्यापीठातल्या डोरिस टेलर आणि सहकाऱ्यांनी सशाच्या पायातल्या अशा पेशी त्याच सशाच्या जखमी हृदयात टोचल्या, आणि हृदय थोडं सुधारल्याचं दाखवलं.

जून २००० मध्ये पॅरिसच्या बिशा रुग्णालयात फिलिप मेनाशे या सर्जननी हे माणसात केलं. ७२ वर्षांचा रुग्ण. मांडीतून स्नायूचा छोटा तुकडा काढला, प्रयोगशाळेत पेशी वाढवून ऐंशी कोटी केल्या आणि बायपास चालू असतानाच व्रणात टोचल्या. हृदय सुधारलं. पण बायपासमुळे की पेशींमुळे? एकाच वेळी दोन बदल केले की कुठल्या बदलाने बग गेला हे कळत नाही, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेनाशेंनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुढे रीतसर चाचणी घेतली.

त्याआधीच एक धोक्याची घंटा वाजली होती. पहिल्या दहा रुग्णांपैकी चौघांच्या हृदयाचे ठोके घातक पद्धतीने बिघडले आणि त्यांना शॉक देणारी यंत्रं बसवावी लागली. कारण मूलभूत होतं. हृदयपेशी एकमेकींना विजेच्या सांध्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून त्या सगळ्या एका तालात आकुंचन पावतात. मांडीच्या पेशी मोठ्या झाल्या की असे सांधे बनवतच नाहीत. मांडीला त्यांची गरजच नसते! म्हणजे ढोलताशाच्या पथकात ठार बहिरे वादक उभे केल्यासारखं झालं. हात मजबूत, पण ताल कुणाचाच ऐकू येत नाही. ९७ रुग्णांवरची मेनाशेंची चाचणी फायदा दिसत नाही म्हणून वेळेआधीच थांबवली गेली. निष्कर्ष २००८ साली आले. हृदयाचं काम सुधारलं नव्हतं. मात्र सर्वांत जास्त पेशी दिलेल्या गटात कप्प्याचं फुगणं किंचित कमी झालं होतं.

आता माझ्या त्या पाच पानांकडे येऊ.

एप्रिल २००१. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयातले पिएरो अनव्हर्सा आणि त्यांच्यासोबत डोनाल्ड ऑर्लिक वगैरे मंडळींनी लिहिलं की उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या मूलपेशी जखमी हृदयात टोचल्या, तर नऊच दिवसांत त्या जखमी भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने भरला. अडुसष्ट टक्के! रक्त बनवणारी पेशी चक्क हृदयाचा स्नायू बनली. आणि यात सोयच सोय होती. प्रयोगशाळेत आठवडे घालवायला नकोत, कमरेच्या हाडातून मज्जा काढा आणि नळीवाटे हृदयात सोडा. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे शरीर नाकारण्याची भीती नाही. शिवाय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष बुश यांनी भ्रूणातल्या मूलपेशींच्या संशोधनाच्या सरकारी पैशावर मर्यादा घातली, तेव्हा मोठ्या माणसाच्या पेशी ज्यांना नैतिकदृष्ट्या निर्वेध वाटत होत्या त्यांनाही आनंद झाला.

घाई किती असावी? निबंध छापून आला त्याच वर्षी जर्मनीत डुसेलडॉर्फला बोडो श्ट्राउअर यांनी पहिल्या रुग्णाला अस्थिमज्जेच्या पेशी दिल्यासुद्धा. पाठोपाठ जगभर सुरू झालं. कोड लिहिल्या लिहिल्या, दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चालतोय की नाही हे न बघता, थेट प्रॉडक्शनला.

दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलं ते दोन गटांनी, आणि निकाल एप्रिल २००४ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये छापून आले. मी मामाला कागद दिला त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी. सिअॅटलचे चार्ल्स मरी आणि इंडियानाचे तेच लॉरेन फील्ड यांनी एक नामी युक्ती केली. पेशींमध्ये असा जनुकीय दिवा बसवला की पेशी हृदयस्नायू बनली तरच तो लागावा. १४५ प्रत्यारोपणं केली. दिवा लागला नाही. दुसरा गट स्टॅनफर्डचा. त्यांना दिसलं की टोचलेल्या पेशी हृदयात जाऊनही आपला पिढीजात धंदाच करतात, म्हणजे रक्तपेशीच बनतात. मग आधी काय दिसलं होतं? एक शक्यता अशी की जखमी हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच थोडे चमकतात, आणि खुणेचा रंग आणि ही चमक यांत गल्लत होणं सोपं असतं.

इथे सगळं थांबायला हवं होतं, नाही का? थांबलं नाही. रुग्णांवरचे प्रयोग चालूच राहिले. युक्तिवाद असा : पेशी स्नायू बनत नसतील, पण काहीतरी चांगलं रसायन सोडत असतील, रुग्णाला फायदा झाल्याशी मतलब. युक्तिवाद वेडगळ नव्हता. पण फायदा तरी होत होता का? हॅनोव्हरच्या ६० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन पेशी दिलेल्यांत ६.७ अंकांनी वाढलं, न दिलेल्यांत ०.७ने. दीड वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांतला फरक जवळपास मिटला होता. २००६ मध्ये एकाच अंकात फ्रँकफर्टकरांनी २०४ रुग्णांत माफक फायदा दाखवला आणि नॉर्वेकरांनी १०० रुग्णांत अजिबात नाही.

२०१४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या डॅरेल फ्रान्सिस यांच्या गटाने जे केलं ते मला सर्वांत आवडतं, कारण ते शुद्ध कोड रिव्ह्यू आहे. अस्थिमज्जेच्या ४९ चाचण्यांचे १३३ अहवाल घेतले आणि त्यांत नुसत्या विसंगती मोजल्या. बेरजा न जुळणं, टक्केवारी अशक्य असणं, एकाच रुग्णगटाचे दोन ठिकाणी दोन आकडे. सहाशेहून जास्त सापडल्या. मग आलेख काढला. ज्या चाचण्यांत तीसहून जास्त विसंगती, त्यांत इजेक्शन फ्रॅक्शनची सरासरी वाढ ७.७ टक्के. ज्या पाच चाचण्यांत एकही विसंगती नाही, त्यांत उणे ०.४. म्हणजे जितक्या चुका जास्त, तितका उपचार गुणकारी! (हसू आलं होतं वाचताना. मग मामा आठवला.)

दरम्यान अनव्हर्सा पुढच्या मुक्कामी पोचले होते. २००३ साली त्यांनी जाहीर केलं की खुद्द हृदयातच मूलपेशी असतात आणि 'सी-किट' नावाच्या प्रथिनावरून त्या ओळखता येतात. पुढे ते हार्वर्डशी संलग्न असलेल्या बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात गेले. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या पेशी रुग्णांना दिल्याचे झगझगीत निष्कर्ष आले. पण २०१४ मध्ये सिनसिनाटीच्या जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की या पेशींतून हृदयस्नायू जवळपास बनतच नाही. त्याच वर्षी अनव्हर्सांच्या गटाचा एक निबंध मागे घेतला गेला. चौकशी सुरू झाली, त्यांनी हार्वर्डवरच दावा ठोकला, तो फेटाळला गेला. सरकारी अनुदान मिळवताना खोटी माहिती वापरल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये रुग्णालयाने एक कोटी डॉलर भरून तडजोड केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅमने सांगितलं की या प्रयोगशाळेच्या ३१ निबंधांत बनावट किंवा फेरफार केलेली माहिती आहे, ते मागे घ्यावेत. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'चा तो निबंधही मागे घेतला गेला.

आता मूळ प्रश्न : हृदय स्वतःहून नव्या पेशी बनवतं की नाही? याचं उत्तर २००९ साली स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुबॉम्बच्या मदतीने शोधलं. १९५०-६०च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि १९६३च्या करारानंतर उतरत गेला. तो अन्नातून आपल्या पेशींच्या डीएनएत जातो, तेव्हा पेशी कुठल्या साली जन्मली याचा जणू शिक्काच बसतो. त्यावरून हिशोब निघाला : पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का हृदयपेशी नव्याने बनतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे अगदी शून्य नाही, पण शंभर कोटींचा खड्डा भरण्याइतकंही नाही.

आणि मामाच्या प्रश्नाचं थेट उत्तर आलं २०१९च्या अखेरीस, मोल्केंटिन यांच्याच गटाकडून. त्यांनी उंदरांच्या जखमी हृदयात जिवंत पेशी टोचल्या. शेजारी दुसऱ्या उंदरांत मेलेल्या पेशी टोचल्या. तिसऱ्यांत तर पेशी नाहीतच, यीस्टपासून काढलेलं एक रसायन टोचलं. तिन्हींत हृदयाचं काम सुधारलं! टोचल्यामुळे सूज येते, शरीराच्या सफाई कामगार पेशी तिथे धावतात आणि व्रणाची डागडुजी जरा बरी करतात. तर मामा, त्या पेशी तिथे जाऊन मरत होत्या, आणि त्यांच्या मरणाला शरीर जे उत्तर देत होतं त्याचा थोडाफार फायदा मिळत होता. (परळची ती १९६५ची सुई आठवली ना? ती आणि ही गोष्ट एकच आहे असं मी म्हणत नाही. पण हृदयाला टोचलं की काहीतरी होतं, आणि ते का झालं हे वेगळं शोधावं लागतं, एवढा धडा दोन्हींत सारखा.)

मग सगळंच मुसळ केरात? नाही, आणि मला हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. हृदयस्नायू हवा असेल तर खरीखुरी हृदयपेशीच लावायला हवी, हा १९९४चा धडा फिरून पुढे आला. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी भ्रूणावस्थेत उलट नेऊन दाखवल्या, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत धडधडणारा हृदयस्नायू बनवता येतो. मरींच्या गटाने २०१४ मध्ये भ्रूणातल्या मूलपेशींपासून बनवलेल्या शंभर कोटी हृदयपेशी माकडांच्या हृदयात रुजवल्या. त्या यजमान हृदयाच्या तालाशी जुळल्या, मात्र सुरुवातीला ठोकेही बिघडले. त्याच वर्षी मेनाशेंनी (हो, तेच!) भ्रूण-मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींचं ठिगळ एका रुग्णाच्या हृदयावर लावलं. २०२० मध्ये ओसाकाच्या योशिकी सावा यांनी यामानाका-पद्धतीच्या पेशींची चादर लावली. आणि जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ग्योटिंगनच्या वोल्फ्राम त्सिमरमान यांच्या गटाने लिहिलं की ४६ वर्षांच्या एका बाईंच्या हृदयावर असं स्नायूचं ठिगळ शिवलं. तीन महिन्यांनी त्यांना दुसरं हृदय मिळालं, तेव्हा जुनं बाहेर काढून कापून पाहिलं. ठिगळातला स्नायू जिवंत होता.

कापून पाहिलं! मामाला हेच तर हवं होतं. यात अजून शरीराने ठिगळ नाकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागतात, रुग्ण मोजकेच आहेत, आयुष्य किती वाढतं हे ठरायचंय. पण पेशी तिथे जाऊन काय करते हे निदान पाहिलेलं आहे.

आपल्याकडचं एक वाक्य सांगतो आणि थांबतो. २००७ साली आयसीएमआरने मूलपेशींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा त्यांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असं होतं. २०१३च्या आवृत्तीत नावातून 'उपचार' हा शब्द काढून टाकला. एका शब्दात केवढं सांगितलं!

पण आमच्या घरी माहितीपत्रक आलं ते २००५ मध्ये, म्हणजे या सगळ्याच्या आधी. एका खाजगी ठिकाणाचं, गुळगुळीत कागदाचं. खर्च काही लाखांत. मामीने बांगड्या मोडायची तयारी दाखवली होती. तोवर मी ते २००४चे दोन निबंध वाचले होते. घसा खाकरून म्हटलं, "मामा, मी तुला दिलेला कागद बहुतेक चुकीचा होता." तो हसला. म्हणाला, "अरे, वर्कशॉपात नवा पार्ट आला की आधी एका गाडीत टाकून महिनाभर पळवायचो. मग बाकीच्या गाड्यांत. मी ती पहिली गाडी व्हायला तयार आहे, पण मग त्यांनी माझ्याकडून पैसे का घ्यायचे?" गेला नाही. गोळ्या घेत, मीठ मोजत, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालत तो २००७पर्यंत राहिला.

तेराव्याला मामेबहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दादा, तेव्हा ते केलं असतं तर बाबा अजून असते का रे?" मी "माहीत नाही" म्हणालो होतो, आणि ते खरंही होतं. पण नुसतं "माहीत नाही" ऐकून माणूस झोपत नाही. ती आणि मी हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

परवा माळ्यावरून उतरल्यावर तिला फोन केला. वर लिहिलंय ते सगळं, अर्ध्या तासात, जमेल तसं सांगितलं. "ते केलं असतं तरी फरक पडला नसता गं. बांगड्या तेवढ्या गेल्या असत्या." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तो कागद टाकू नकोस. मला हवाय. बाबांचं अक्षर आहे त्यावर."

उद्या कुरियर करतोय.

चूभूद्याघ्या.